केसपेपर नसलेली फाईल

2023 च्या अखेरीस महाराष्ट्रभरच्या तहसील कार्यालयांतले अभिलेख कक्ष एकाएकी गजबजले. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधायच्या होत्या, म्हणून जुनी रजिस्टरे दप्तरांतून बाहेर निघाली, मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी गेली. बुलढाणा जिल्ह्याला या कागदांचे नावीन्य नव्हते. वऱ्हाडात कोतवाल बुकाची नक्कल हा जातीच्या दाखल्याचा जुनाच आधार आहे आणि पणजोबाची नोंद सापडावी म्हणून माणसे तहसीलला खेटे घालतच असतात. नोंद एका ओळीची: मरणाऱ्याचे नाव, बापाचे नाव, जात, तारीख. शोधणाऱ्याचे बोट जातीच्या रकान्यावर थांबते. त्याच ओळीत मृत्यूच्या कारणाचाही रकाना असतो, ताप, हगवण, पटकी, देवी अशा एखाद्या शब्दात भागवलेला. त्या रकान्याला गिऱ्हाईक नाही.

इथे प्रश्न त्या रकान्याचाच आहे आणि त्यातही एका कारणाचा. वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले, बुलढाणा जिल्हा 1860 च्या दशकात आकाराला आला, आणि त्यानंतर गावचा पाटील, पोलीस ठाणे, सिव्हिल सर्जन, सॅनिटरी कमिशनर अशी मृत्यूच्या आकड्यांची चढती वाट तयार झाली. त्या काळच्या सॅनिटरी अहवालांच्या तक्त्यांत रोगांच्या पाठोपाठ ‘इजा’ हे सदर येते. त्याच्या पोटात आत्महत्या, अपघात, सर्पदंश व श्वापदे असे भाग, आणि आत्महत्येत पुरुष व स्त्रिया वेगळ्या. म्हणजे सरकार आत्महत्या शतकाहून अधिक काळ मोजते आहे. पटकीचा आकडा वाढला की विहीर कोणती, यात्रा कोणती, पाणी कुठून आले याची विचारपूस होई, कारण पटकी थोपवता येते असा विश्वास होता. इजांचे सदर बेरजेपुरते. ज्या मरणाला उपाय आहे असे वाटते त्याचीच चौकशी होते, हा नियम तेव्हाही होता, आजही आहे.

दुसरा कागद पोलिसांचा. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो कलम 174 खाली होता, 1973 च्या संहितेत क्रमांकही तोच राहिला आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो 194 झाला. खबर आली की ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद, म्हणजे मर्ग, दाखल करायचा, पंचांसमक्ष पंचनामा, प्रेत शवविच्छेदनाला. या साऱ्या खटाटोपाचा हेतू इतकाच की मरणात दुसऱ्या कोणाचा हात आहे का ते पाहावे. हात नाही असे दिसले की मर्ग बंद होतो. पोलिसांच्या कामापुरते हे योग्यच आहे. पण त्याच कायद्याच्या शेजारी भारतीय दंडविधानाचे कलम 309 होते, ज्यात आत्महत्येचा प्रयत्न हाच गुन्हा. त्यामुळे जो वाचला त्याच्याबद्दल दवाखान्यात सांगितले जाई ते असे: फवारताना नाकातोंडात गेले, पाणी समजून चुकून पिला. डॉक्टरलाही ते सोयीचे, कारण ठाण्याच्या चकरा वाचत. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 2018 पासून लागू झाला. त्याच्या कलम 115 ने असा माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरायला सांगितले, त्याला उपचार देणे सरकारचे कर्तव्य ठरवले, आणि पुढे नव्या न्यायसंहितेत 309 उरलेच नाही. ओपीडीच्या रजिस्टरांतली ‘चुकून’ ही नोंद मात्र दीड शतकाची सवय आहे. ती राजपत्राने लगेच सुटत नाही.

तिसरा कागद सर्वांत जाड आणि बुलढाण्याच्या अलीकडच्या इतिहासात सर्वांत गाजलेला. अमरावती विभागात, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम व बुलढाणा या पाच जिल्ह्यांत, आणि शेजारच्या वर्ध्यात, 2001 पासून शेतकरी आत्महत्यांची वेगळी नोंद ठेवली जाऊ लागली. मुंबई उच्च न्यायालयात प्रकरण गेले. न्यायालयाच्या सांगण्यावरून टाटा समाजविज्ञान संस्थेने मार्च 2005 मध्ये अहवाल दिला, पाठोपाठ राज्य सरकारने इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेकडून अभ्यास करवला. 2006 साली या सहा जिल्ह्यांतला सरकारी आकडा चौदाशेच्या वर गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये पंतप्रधानांनी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर केले. पण गावपातळीवर ज्याने सर्वाधिक लिखाण घडवले तो कागद वेगळाच: महसूल व वन विभागाचे डिसेंबर 2005 आणि जानेवारी 2006 चे शासन निर्णय. वारसांना 1 लाख रुपये. त्यातले 30 हजार हाती, 70 हजार ठेवीत. ते कोणाला द्यायचे हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ठरवायचे. कसोटी तीन गोष्टींची. राष्ट्रीयीकृत किंवा सहकारी बँकेचे अथवा परवानाधारक सावकाराचे कर्ज, नापिकीमुळे ते फेडता न येणे, आणि वसुलीचा तगादा. बसले तर ‘पात्र’, नाही तर ‘अपात्र’.

ही फाईल कशी बांधली जाते ते जवळून पाहण्यासारखे आहे. वर तहसीलदारांचा प्रस्ताव. मग तलाठ्याचा अहवाल, त्याला जोडलेला सातबारा आणि आठ-अ. गावची पैसेवारी. विविध कार्यकारी सोसायटीचा किंवा बँकेचा थकबाकीचा दाखला, मुद्दल आणि व्याज वेगळे लिहिलेला. वारसांचा जबाब, एक-दोन शेजाऱ्यांचे जबाब. पोलिसांकडून आलेली मर्गाची खबर व पंचनामा. आणि शेवटी शवविच्छेदनाचा अहवाल, ज्यात मत बरेचदा राखून ठेवलेले असते. व्हिसेरा प्रयोगशाळेकडे जातो आणि त्याचे उत्तर येईपर्यंत एखादा हंगाम निघून जातो. शेतीचा इतिहासकार या फाईलवर खूश होईल. पेरा किती, कर्ज किती, पाऊस किती हे सगळे तिच्यात आहे. पण यातला डॉक्टर पाहा. संपूर्ण फाईलमध्ये डॉक्टर एकदाच भेटतो आणि तोही माणूस गेल्यावर. मरणाच्या आधीच्या महिन्यात त्याने कोणत्या दवाखान्याची पायरी चढली, काय दुखते म्हणून सांगितले, कोणत्या गोळ्या घेऊन आला, याचा एकही कागद मागितलेला नाही. केसपेपर नाही, डिस्चार्ज कार्ड नाही, आशाताईच्या वहीतले पान नाही.

कागद न मागणे ही एक गोष्ट झाली. त्याहून वाईट म्हणजे या फाईलची रचनाच आजाराची माहिती बाहेर ढकलणारी आहे. प्रकरणे अपात्र ठरवताना दिली जाणारी कारणे वर्तमानपत्रांतून वीस वर्षे छापून येत आहेत: आजारपण, व्यसन, घरगुती वाद, जमीन नावावर नाही. हे एकदा गावात माहीत झाले की जबाब देणारी विधवा काय बोलेल? नवरा दोन महिने झोपत नव्हता, जेवण सोडले होते, अकोल्याला दाखवून आणले होते, असे तिने सांगितले तर तो ‘आजारी’ ठरण्याची भीती. कर्ज होते, पीक गेले, बँकेचा माणूस येऊन गेला, इतकेच सांगितले तर आशा. दोन्ही खरे असू शकते, बहुतेक वेळा असतेच. पण कागदावर एकच उतरते. तलाठीही माणूस आहे, आणि गावात सहानुभूती असेल तर तोही त्याच बाजूने लिहितो. यात कोणी लबाडी केली असे मी म्हणणार नाही. प्रश्न जसा विचारला तसे उत्तर आले. मात्र या फाईलींच्या थप्प्या समोर ठेवून ‘आत्महत्यांमध्ये मानसिक आजाराचा वाटा दिसत नाही’ असा निष्कर्ष जे काढतात, त्यांनी हा कागद कशासाठी लिहिला गेला याकडे डोळेझाक केली आहे. त्याच थप्प्यांवरून उलट टोकाला जाऊन ‘खरे कारण डोक्यात होते, शेतात नव्हते’ म्हणणाऱ्यांची तऱ्हा तर आणखी वाईट, कारण त्यांच्याकडे तेवढाही कागद नाही.

मागे जाऊन वेगळ्या पद्धतीने विचारले की काय दिसते, याचा नमुना श्रीजित मिश्र यांच्या अभ्यासात आहे. इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा तो अहवाल जानेवारी 2006 चा. वर्धा, वाशीम आणि यवतमाळ जिल्ह्यांतली आत्महत्या झालेली 111 कुटुंबे आणि तुलनेसाठी न झालेली 106 कुटुंबे त्यांनी घेतली. एका घरात एकच कारण असा आग्रह धरला नाही, त्यामुळे टक्क्यांची बेरीज शंभरच्या पुष्कळ पुढे जाते. कर्ज 87 टक्के घरांत, घरातल्यांशी वाद 55 टक्के, नापिकी 41 टक्के, मुलीच्या किंवा बहिणीच्या लग्नाचा भार 34 टक्के. मग येतात असे तीन आकडे की जे वैद्यकीय अधिकाऱ्याने टेबलावर लावून ठेवावेत: व्यसन 28, वागण्यातला बदल 26, आजारपण 21. शिवाय 32 टक्के घरांच्या बाबतीत जवळपासच्या गावात आधी आत्महत्या झालेली होती. बुलढाणा या नमुन्यात नव्हता, पण शेजारचा वाशीम होता, आणि कापूस-सोयाबीन, कोरडवाहू रान, सोसायटीचे कर्ज यांत मेहकर-लोणारकडचा भाग वाशीमहून फारसा वेगळा नाही.

व्यसन, वागण्यातला बदल, आजारपण या तीनही आकड्यांचे वैशिष्ट्य असे की ते मरणाआधी दिसतात. वागणे बदललेले घरच्यांना दिसते. दारू वाढलेली गावाला दिसते. आजारी माणूस कोणा ना कोणा डॉक्टरपुढे बसतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशभरातल्या 1,70,924 आत्महत्यांपैकी 18.4 टक्क्यांच्या पुढे पोलिसांनीच ‘आजारपण’ हे कारण लिहिले आहे. कौटुंबिक अडचणींनंतर तेच सर्वांत मोठे सदर. म्हणजे पोलिसांच्या वहीप्रमाणेही दर पाच-सहांमागे एक माणूस आरोग्ययंत्रणेच्या ओळखीचा असणार. बुलढाण्यात या ‘आजारपण’ शब्दाला स्थानिक अर्थही आहे. घाटाखालच्या संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांत खारपाणपट्टा आहे, बोअरचे पाणी खारट, आणि मूत्रपिंडाच्या आजाराने खंगलेली माणसे गावोगाव. डायलिसिसच्या फेऱ्यांसाठी वावर गहाण पडते. मग कर्ज हे कारण की आजार? फाईल म्हणेल कर्ज. दवाखान्याकडे फाईलच नाही.

दवाखान्याचे दप्तर उघडले तर काय दिसते, हे इंग्लंडमध्ये पाहिले गेले. तिथे ब्रायन बॅरक्लफ आणि सहकाऱ्यांनी 1974 मध्ये शंभर आत्महत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी नातेवाइकांशी बोलून आणि डॉक्टरांची दप्तरे काढून प्रत्येक मृत्यूमागचे शेवटचे महिने पुन्हा उभे केले. ही पद्धत 1950 च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये एडविन श्नाइडमन आणि नॉर्मन फार्बेरो यांनी रुळवली होती, तिथल्या कॉरोनरला मृत्यू अपघात की आत्महत्या हे ठरवता येईना म्हणून. बॅरक्लफच्या शंभरांपैकी सुमारे दोनतृतीयांश शेवटच्या महिन्यात आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते आणि चाळीसेक तर शेवटच्या आठवड्यात. या एका आकड्याने तिकडच्या साध्या दवाखान्यांची झोप उडाली. पुढे आपल्या रुग्णाने आत्महत्या केली की दवाखान्यातल्या सगळ्यांनी बसून ते प्रकरण उलगडायचे, दोष कोणाला न लावता, असा प्रघात पडत गेला. 2014 मध्ये मँचेस्टरच्या राष्ट्रीय गोपनीय चौकशीने 2002 ते 2011 मधल्या आत्महत्या प्राथमिक दवाखान्यांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. त्यात चित्र दुहेरी निघाले. 37 टक्के लोक वर्षभरात डॉक्टरकडे फिरकलेच नव्हते, आणि दुसरीकडे वर्षाला चोविसाहून अधिक वेळा येणाऱ्यांचा धोका बारा पटींनी वाढलेला होता. जो येतच नाही त्याच्यासाठी उपाय गावात करावा लागतो, जो सारखा येतो त्याच्यासाठी ओपीडीत. आपल्या जिल्ह्यात यांपैकी कोणते जास्त, हे बुलढाण्याचे दप्तर सांगू शकत नाही, कारण मृत्यूची यादी एका खोलीत आणि ओपीडीचे रजिस्टर दुसऱ्या खोलीत. दोन्ही कधी एका टेबलावर आले नाहीत.

इंग्लंडचे आकडे इथे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. तिथे प्रत्येकाचा एक ठरलेला डॉक्टर असतो. इथे माणूस आधी मेडिकलवाल्याकडून गोळी घेतो, मग गावातल्या डॉक्टरकडे सलाईन लावतो, सरकारी दवाखाना तिसरा. आणि बुलढाण्यात चौथी वाटही आहे. पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर मनोरुग्णांना घेऊन राज्यभरातून नातेवाईक येतात, होळीच्या यात्रेला तर लोटच असतो. तेव्हा शेवटच्या महिन्यांचा शोध घ्यायचा तर ‘सैलानीला नेले होते का’ हा प्रश्न इथल्या प्रपत्रात हवाच. इंग्लंडच्या प्रपत्रात तो सापडणार नाही.

विचारले तर सांगतात का? याचे उत्तर बुलढाण्याच्या शेजारीच मिळाले. ‘विश्राम’ या नावाने अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत एक कार्यक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून त्यांनी नैराश्य ओळखायचे, बोलायचे, गरज असेल त्याला डॉक्टरपर्यंत न्यायचे. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांचा त्यावरचा लेख 2017 मध्ये लॅन्सेट सायकिअॅट्रीत आला. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी 4.3 टक्के लोक कोणाकडे तरी मदत मागत होते. दीड वर्षाने 27.2 टक्के. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण 5.2 वरून 2.5 टक्क्यांवर आले. तुलनेची वेगळी गावे न घेता केलेला अभ्यास आहे, त्यामुळे सगळे श्रेय कार्यक्रमाला देता येत नाही, पण पहिला आकडा मात्र झटकता येत नाही. नैराश्यात असलेल्या शंभरांतले पंच्याण्णव जण कोणाकडेच गेले नव्हते, तेही आत्महत्यांवर देशभर बोलले जात असताना.

सरकारने काही केले नाही असे नाही. 2015-16 मध्ये मराठवाड्याचे आठ आणि विदर्भाचे सहा अशा चौदा जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू झाला, बुलढाणा त्यात आहे. आशांनी घरोघर पाहणी करायची, तणावातली माणसे हेरायची, समुपदेशन, 104 क्रमांकाची मदतवाहिनी. नंतर असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीचा ‘सीबॅक’ अर्ज आला, जो तिशीपुढच्या प्रत्येकाचा भरायचा. कमरेचा घेर, तंबाखू, दारू अशा प्रश्नांच्या शेवटी त्यात दोन ओळी आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला होता का; उदास, निराश वाटत होते का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, बेरीज तीनच्या वर गेली तर समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे पाठवायचे. दहावीस अर्ज एका दिवसात उरकायचे असतील तर या दोन ओळींत शून्य-शून्य पडते हे सांगायला नको. तरी कागद अस्तित्वात आहे. ज्याने जीव दिला त्याचा सीबॅक अर्ज काढून पाहिला तर दोनच गोष्टी निघतील. एक तर विचारलेच नव्हते, किंवा विचारले होते, बेरीज चार आली होती आणि पुढे कोणी गेले नाही. दोन्ही दुरुस्त करण्याजोग्या आहेत, आणि दोन्हींची दुरुस्ती वेगळी आहे. हे कळण्यासाठी त्या एका मरणाचे दप्तर उघडावे लागते. जिल्ह्याची बेरीज पाहून ते कळत नाही.

असे दप्तर उघडण्याची रीत याच प्राथमिक आरोग्य केंद्रात चालू आहे. बाळंतपणात बाई दगावली की काय होते ते पाहा. आशा चोवीस तासांत कळवते. काही आठवड्यांत पथक घरी जाऊन ठरलेल्या प्रपत्रावर नातेवाइकांशी बोलते. निर्णय घ्यायला उशीर झाला, पोहोचायला झाला, की पोहोचल्यावर उपचाराला झाला, हे तीन विलंब तपासले जातात. मग माता मृत्यू अन्वेषण समिती, आणि त्यापुढे जिल्हाधिकाऱ्यांकडे आढावा, जिथे मृत बाईच्या घरच्यांनाही बोलावण्याची तरतूद 2010 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे. नाव घ्यायचे नाही, बोट दाखवायचे नाही, हे त्या सूचनांचे सूत्र. 2004-06 मध्ये महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे 130 माता दगावत होत्या, 2018-20 मध्ये 33. याचे श्रेय एकट्या अन्वेषणाचे नाही. दवाखान्यातली बाळंतपणे, 108 ची गाडी, रक्ताची सोय, सगळे त्यात आहे. पण रक्ताची सोय कुठे नाही हे जिल्ह्याला कळले ते याच प्रपत्रांतून.

आणि माणसे एका जागी जमवून झटपट शोध घेणे या जिल्ह्याला येत नाही असेही नाही. डिसेंबर 2024 आणि जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा घरोघर याद्या झाल्या, पाण्याचे, रक्ताचे, केसांचे नमुने गेले, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक येऊन पोहोचले. टक्कल पडलेल्या प्रत्येकाचे नाव, वय, गाव, त्रास कधी सुरू झाला याची ओळ तयार झाली. चांगलेच झाले. फक्त तशी ओळ आत्महत्येची आजवर कोणी आखलेली नाही.

आखली तर तिच्यात काय येईल? शेवटची भेट कुठल्या दवाखान्यात, कशासाठी. दुखणे कोणते, कधीपासून. आधी कधी प्रयत्न झाला होता का, आणि झाला असेल तर दवाखान्यातून घरी सोडल्यावर कोणी विचारपूस केली का. हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतल्या ठिकाणी, प्रयत्नातून वाचलेल्या 1,867 जणांवर एक साधी गोष्ट करून पाहिली होती. अर्ध्या लोकांशी सुटी देताना तासभर बोलणे, आणि पुढचे दीड वर्ष अधूनमधून, एकूण नऊदा, घरी जाऊन किंवा फोनवर चौकशी. 2008 मध्ये निकाल आला: ज्यांची चौकशी झाली त्यांच्यात दीड वर्षात आत्महत्येने गेलेले 0.2 टक्के, बाकीच्यांत 2.2. खामगावच्या सामान्य रुग्णालयातून किंवा बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयातून विष उतरवून घरी पाठवलेला माणूस कोणत्या उपकेंद्राच्या हद्दीत राहतो, हे डिस्चार्ज कार्डावरच्या पत्त्यावरून कळू शकते. तिथल्या आशेला एक फोन करायला नवी योजना लागत नाही.

ओळीत आणखी एक रकाना लागेल, कीटकनाशकाच्या नावाचा. श्रीलंकेने 1995 पासून सर्वांत जहाल वर्गातली कीटकनाशके एकेक करून बंद केली आणि दहा वर्षांत तिथला आत्महत्येचा दर जवळपास निम्म्यावर आला. कोणते औषध किती जिवांना महागात पडते हे दवाखान्यांच्या नोंदींवरून कळल्याशिवाय असा निर्णय होत नाही. आपल्याकडे मोनोक्रोटोफॉसवर 2023 मध्ये बंदीचा आदेश निघाला. बंदीनंतर त्याची जागा कोणी घेतली, हे सर्वांत आधी कळायला हवे ते प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरला, कारण बाटली घेऊन माणसे आधी त्याच्याकडेच धावतात. प्रयोगशाळेचे उत्तर पोलीस ठाण्यात जाते आणि मर्गाच्या कागदांत राहते.

अडचणी खऱ्या आहेत. वैद्यकीय अधिकारी बरेचदा बंधपत्रावरचा, वर्षभराचा पाहुणा. स्वीडनच्या गोटलंड बेटावर 1983-84 मध्ये साध्या डॉक्टरांना नैराश्य ओळखायला शिकवले, आत्महत्या घटल्या, आणि शिकलेले डॉक्टर बदलून गेल्यावर आकडे पुन्हा चढले. वोल्फगांग रुट्झ यांनी हे प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. म्हणून इथे शिकवायचे तर गावात राहणाऱ्या आशेला आणि आरोग्यसेविकेला आधी. आपल्यावर बालंट येईल असे वाटले तर डॉक्टर रजिस्टरच कोरे ठेवेल. घरच्यांकडे जायचे ते तेरवी झाल्यावर, आणि गणवेशातला माणूस बरोबर न घेता. कामाचा बोजा मात्र वाटतो तेवढा नाही. जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रे पन्नासेक, आणि शेतकरी आत्महत्या अलीकडच्या वर्षांत दोनशेच्या आगेमागे किंवा त्याहून वर. म्हणजे केंद्रामागे वर्षाला चार-सहा. तिमाहीत एक-दोन प्रकरणे, एक दुपार.

सगळ्यात अवघड गाठ तीच, पात्र-अपात्रची. आत्महत्येच्या अन्वेषणाचा कागद महसुलाच्या फाईलला जोडला जाणार असेल तर तो पहिल्याच दिवशी खोटा होईल. घरातल्यांनी सांगितलेले नैराश्य किंवा दारू जर एक लाखाच्या आड येणार असेल तर कोणी काही सांगणार नाही, आणि सांगू नये. पात्रता ठरवणारी समिती असो की माता मृत्यूंसारखा आढावा, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारीच बसतात, म्हणून हे वेगळेपण लेखी आदेशानेच बांधावे लागेल: आरोग्याचा कागद नावाशिवाय, गावाशिवाय, आणि कधीही मदतीच्या निर्णयासाठी वाचायचा नाही.

तोवर सुरुवात करायला एक जागा मोकळी आहे. 2022 च्या राष्ट्रीय आकड्यांत शेतीक्षेत्रातल्या आत्महत्या 11,290 आहेत, गृहिणींच्या 25,309. सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई, दुसऱ्याच्या वावरात राबणारा मजूर, बटईने करणारा, दहावी नापास मुलगा, यांची फाईल होतच नाही. तलाठी येत नाही, पुढारी येत नाहीत, ठेव नाही. इथे पैशाचा प्रश्न नसल्याने जबाब वाकवण्याचे कारणही नाही. मोताळा असो की देऊळगाव राजा, आशेला वाडीतले असे घर ठाऊक असते, आणि त्या बाईने गेल्या पावसाळ्यात डोकेदुखीसाठी उपकेंद्रातून किती वेळा गोळ्या नेल्या हे तिच्या वहीत सापडू शकते. प्रपत्राचा पहिला कच्चा मसुदा अशा घरांपासून तपासावा.